पिल्लू घरी का नाही आणलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, हळदीकुंकवालाही तेच विचारता म्हणून एकदाच सांगते. आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या आवारातलं शिंपी पक्ष्याचं पिल्लू कावळ्यानं नेलं तेव्हा मी तिथेच होते. तरीही ते घरी आणायला नकोच होतं.

शिंपी म्हणजे टुविट-टुविट करून तुमची दुपारची झोप मोडतो तो. आठेक ग्रॅमचा जीव. मादीनं भिंतीलगतच्या उंबराच्या रोपावर पान शिवलं होतं. कडांना चोचीनं भोकं पाडायची, त्यातून कापूस नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओढायचा. गाठ नाहीच; बाहेर आलेलं टोक फुलतं आणि तेवढ्यावर टाका धरतो. पान हिरवंच राहतं, त्यामुळे छाटणीवाल्याला काही दिसलं नाही. फांदी गेली.

पिल्लं उडायच्या बेतातच होती. बाकीची झुडपात शिरली, एक फरशीवर बसून राहिलं. शेपूट नखाएवढी. मी ओंजळीत घेऊन त्याला दाट तगरीत ठेवलं. माणसाचा हात लागला की आई टाकते म्हणतात ना? साफ खोटं. मी मागे सरले आणि आईबाप आळीपाळीनं हिरव्या अळ्या भरवायला लागले. घरी मी काय दिलं असतं, दूध? पक्ष्यांना ते पचत नाही. शिवाय रानपक्षी डांबून ठेवायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.

बोका आला, त्याला छत्रीनं हाकलला. वॉचमननं खुर्ची दिली. सर आली तरी उठले नाही. मग पिल्लू आपणहून उडालं, जेमतेम चार हात, आणि पार्किंगच्या उघड्या पत्र्यावर जाऊन बसलं. आईनं कल्लोळ केला. मी छत्री फेकून मारली, ती लागली कुणाच्या तरी गाडीला. त्या दिवसांत कावळ्याच्या घरीही पिल्लंच असतात, हे मला माहीत होतं. तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही.

रात्री वाटलं, निदान एक दिवस खोक्यात ठेवलं असतं तर? अजूनही वाटतं. मग स्वतःलाच म्हणते, अगं बाई, खोक्यात ते उडायला शिकलं असतं का? त्यावर आतून उत्तर येतं, आता तरी कुठे शिकलं?

मला विचारा, हरकत नाही. पण ऐन विणीच्या दिवसांत, भर पावसाळ्यात ते रोप छाटायला कोणी सांगितलं, हे कमिटीला अजून एकानंही विचारलेलं नाही.