त्याला तिकडं झोप लागते

मंगळवार, रात्र

माझा भाऊ ओंक्या पोर्तुगालला फुटबॉल खेळायला गेलाय. आज फोनवर बोलता बोलता म्हणाला, "ताई, इथं झोप लई भारी लागते बघ." त्याआधी भाताबद्दल बोलला, बुटाच्या नव्या स्टडबद्दल बोलला, नंतर कोचबद्दल बराच वेळ बोलत राहिला. मी हं हं करत होते, पण मन त्या झोपेपाशीच अडकलं होतं. तिकडं संध्याकाळचे सहा वाजले होते, त्याला जेवायला जायचं होतं. इकडं सगळी झोपलीत आणि मी वही उघडून बसले आहे.

आईनं ऐकलं आणि लगेच देवापुढं साखर ठेवली. पप्पा म्हणाले, रुळलं पोरगं एकदाचं. मलाही बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. काहीतरी टोचलं, आणि ते काय, हे अजून उमगत नाही.

त्याला घराबाहेर कधी झोप यायचीच नाही. पुण्याच्या होस्टेलवरनं रात्री फोन करायचा आणि बोलायचा काहीच नाही. मी इकडं बी.एड.ची पुस्तकं पुढ्यात घेऊन, फोन कानाला लावून बसायचे. त्याचा श्वास संथ झाला की मगच फोन बंद करायचे. मॅचच्या आदल्या रात्री तर घरातसुद्धा तीच तऱ्हा. गच्चीवर जाऊन बसायचा, मग मीही वर. उद्याचा लेफ्ट बॅक, म्हणजे समोरच्यांचा डावीकडचा बचाववाला, कुठल्या पायावर कच्चा आहे, बाहेरून गेलं की वळायला किती वेळ लावतो, आत कट मारला तर मागं कव्हरला कोण येतो, यावर आमचं बोलणं चालायचं. मला जेवढा फुटबॉल कळतो तेवढा त्या गच्चीवर कळला. वरच्या पायरीला त्यानं स्टडनं पाडलेले ओरखडे आहेत, बूट घालूनच बसायचा वेडा. आई ओरडायची, फरशी गेली म्हणून. आज ते ओरखडे बघून आले.

आता त्याला झोप लागते. मग मी काय करायचं?

हे लिहिलं खरं, पण तेवढंच नाही. अजून काहीतरी आहे.

त्याच्या भिंतीवर हेसूस नावासचं चित्र अजून आहे. मीच लावलं होतं, तो होस्टेल सोडून घरी आला होता त्या आठवड्यात. स्पेनच्या सेव्हिया क्लबचा राईट विंगर, म्हणजे उजव्या कडेनं पळत हल्ला करणारा, लहानखुरा, पळायला लागला की लाइन सोडायचा नाही. त्याला घरापासून लांब गेलं की धास्तीचे झटके यायचे. सरावाच्या शिबिरातनं अर्ध्यात घरी परतलाय. 2006 मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबकडं जायची बोलणी चालली होती, ती पुढं सरकली नाहीत ती याच्यामुळंच. त्यानं उपचार घेतले, आणि 2009 मध्ये स्पेनच्या संघात आला. पुढच्याच वर्षी जोहान्सबर्गला वर्ल्ड कप फायनलमध्ये जादा वेळ चाललाय, कुणाला पाय उचलत नाही, आणि हा आपल्या हाफमधनं बॉल घेऊन उजव्या बाजूनं सुटतो. इनिएस्टाचा गोल सगळ्यांना आठवतो, पण तो 116 व्या मिनिटाचा हल्ला नावासच्या त्या धावेनं सुरू झाला होता. ओंक्याला मी ती क्लिप झोपायच्या आधी दाखवायचे.

2013 मध्ये तो मँचेस्टर सिटीला गेला. टॉटनहॅमविरुद्ध पंधरा सेकंदांच्या आत गोल घातला, लीग जिंकली, लीग कप फायनलमध्ये गोल केला. चार हंगाम खेळून परत सेव्हियाला आला तो तिथंच राहिला. 2024 च्या युरोत, वयाच्या 38 व्या वर्षी, सेमीफायनलला राईट बॅक म्हणून, म्हणजे मागं उजवीकडं बचावाला, फ्रान्सच्या एम्बापेपुढं उभा होता. खुब्याचं दुखणं घेऊन खेळत होता. त्याच डिसेंबरात थांबला.

ओंक्याला मी म्हणायचे, बघ, ज्याला घर सोडवत नव्हतं तो वर्ल्ड चॅम्पियन झाला. तो ऐकून घ्यायचा.

आणि आबांचा सलीम. आबा अजून विंगर म्हणत नाहीत, राईट आऊटच म्हणतात. कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम 1936 मध्ये बोटीनं निघाला आणि ग्लासगोला सेल्टिक क्लबकडं जाऊन अनवाणी खेळला, पायाला पट्ट्या गुंडाळून. सेल्टिकचे जिमी मॅकमेनेमी खाली बसून त्याच्या पायाला पट्टी बांधतायत, असा फोटो आहे. गॅल्स्टनला 7-1 नं हरवलं त्या मॅचला लोक त्याच्यासाठी आले होते. युरोपातल्या क्लबकडून खेळलेला पहिला भारतीय तोच. पण त्याचं मन तिथं रमलं नाही. काही महिन्यांत परत आला. "राहिला असता तर!" असं म्हणून आबा दर वेळी मांडीवर हात मारतात. मी दर वेळी सलीमची बाजू घेते. घरची ओढ लागली तर त्यात वाईट काय?

आत्ता हे लिहिताना दिसतंय की मी ओंक्याला सांगितलेल्या सगळ्या गोष्टी घराकडं परत येणाऱ्या माणसांच्या आहेत. तो पोर्तुगालला गेला तेव्हा मनात सगळी तयारी करून ठेवली होती. रात्री फोन येईल, मग काय बोलायचं, कुठली क्लिप पाठवायची. पहिल्या आठवड्यात मोबाइल उशाशी आवाज मोठा करून ठेवून झोपले. फोन आला नाही असं नाही. रोज येतो. पण एरवी दुपारी येतो, मजेत येतो.

आज मी त्याला विचारलंच, का रे, अशी कशी झोप लागते? जरा थांबून म्हणाला, "इथं कोण काय ओरडतंय तेच कळत नाही ना ताई."

हेच टोचलं असणार.

आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर विंगर म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मधल्या फळीतल्या पोराला गॅलरीचा नुसता कल्ला ऐकू येतो. लाइनीवर पळणाऱ्याला एक एक शब्द ऐकू येतो. पाटाकडील आणि दिलबहार हे गावातले दोन संघ समोरासमोर आले की त्या लाइनीवर काय काय पडतं कानावर! घरच्यांच्या नावासकट, आडनावासकट. आणि मॅच सुटली तरी ते सुटत नाही. कडेवरनं गोलसमोर टाकलेला बॉल, म्हणजे क्रॉस, बारच्या वरनं गेला, तर संध्याकाळी कटिंगच्या दुकानात तोच क्रॉस, सकाळी दूध घालायला येणारा तोच क्रॉस घेऊन दारात उभा. मला शाळेत शिपाईमामांनी विचारलंय, "मॅडम, भावाचा डावा पाय आहे का नाही?" इथल्या त्या सेमीफायनलनंतर ओंक्या चार गल्ल्या फिरून मागच्या बोळातनं घरी आला होता. जेवला नाही. गच्चीवर गेला.

म्हणजे झोप उडवणारं हेच होतं सगळं, इथलं. आणि मी समजत होते की इथं आहे म्हणून निदान तेवढी तरी लागते.

पण गावाला नावं ठेवायला माझा हात उचलत नाही. ज्यांनी शिव्या घातल्या त्यातल्याच पोरांनी वर्गणी काढून त्याच्या तिकिटात भर घातली. अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला तेव्हा याच गॅलरीतली माणसं टीव्हीपुढं गुडघ्यावर बसली होती. ओंक्या तेव्हा शाळेत होता, त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बाहेर जायचं शिरलं. गाव जीव लावतं, आणि जीव लावला की बोलतंही. तिकडं पायऱ्यांवर थोडी माणसं येतात, जॅकेटात हात घालून बसतात, चुकलं तर परक्या भाषेत काहीतरी म्हणतात आणि मॅच संपली की घरी जातात. त्याच्या क्रॉसबद्दल सकाळी त्याला कुणी अडवत नाही.

मघाशी इथं लिहिता लिहिता रडू आलं होतं. आता नाही येत. चहा करून आणला.

मनीषा कल्याण आठवली. माझ्या वर्गातल्या खेळणाऱ्या पोरींना मी तिचं सांगत असते. तीही विंगवरच खेळणारी, होशियारपूरची. 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून खेळताना महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरलेली पहिली भारतीय झाली, मग ग्रीसला पाओक क्लबकडं गेली. तिच्याबद्दल मी वाचते तेव्हा काय बघते? किती मिनिटं खेळली, बेंचवर का ठेवली, आत कट मारते का लाइन धरते. तिला घरची आठवण येते का, तिला तिकडं झोप लागते का, असं माझ्या मनातही कधी आलेलं नाही. खेळाडू बाहेर गेली, खेळतेय, बास. आणि सख्ख्या भावानं मात्र रोज थोडं झुरलं पाहिजे! हा कुठला न्याय?

झुरला नाही म्हणून तो आमचा नाही असं थोडंच आहे. त्याचं वय बघता पुढची काही वर्षं पायात आहेत, तेवढीच. विंगरचा वेग आधी जातो. त्यातली एक रात्रसुद्धा त्यानं माझ्या समाधानासाठी जागून काढू नये. हे मला मनापासून वाटतंय. लिहायला बसले तेव्हा वाटत नव्हतं.

टोचणी गेली का? नाही, आहे. राहू दे.

कोचचं मात्र नीट ऐकायला पाहिजे होतं. मी हं हं करत बसले तेव्हा तो सांगत होता की रविवारी त्याला राईट बॅक खेळवायचं चाललंय. मला हे पटत नाही. नावास मागं खेळला तो तिशी ओलांडल्यावर, आधी सगळं आयुष्य पुढं काढून. बाविसाव्या वर्षी मागं ओढला की पोराचं समोरच्याच्या अंगावर जायचं बंद होतं, मग तो नुसता बॉल परत देत बसतो. आबांनाही विचारलं पाहिजे, पण ते आधी सलीमचं काढतील. उद्या शाळा सुटल्यावर फोन करते. समोरचा लेफ्ट विंगर डाव्या पायाचा आहे का उजव्या, हे आधी विचारायचं. उजव्या पायाचा असला तर तो आत येणार, आणि ओंक्याला आतली बाजू राखायची सवय नाही. मागच्या मॅचची क्लिप पाठव म्हणून मेसेज टाकलाय. त्यानं बघितलेला नाही, जेवत असेल.