धनु रास ढगाळ आहे

पाऊस आला की माझी आठ इंची दुर्बीण गॅलरीत जुन्या चादरीखाली जाते ती थेट दिवाळीला बाहेर येते, मधल्या काळात आई तिच्यावर मोजे वाळत घालते. तसं ठाण्यात एरवी तरी काय मोठं आकाश दिसतंय म्हणा, घोडबंदर रोडला टॉवरच्या लाइटी नि धूळ. पण जूनमध्ये जास्त चिडचिड होते.

कारण मायक्रोलेन्सिंग. सध्या डोक्यात तेच बसलंय. लांबच्या ताऱ्यासमोरून बरोब्बर रेषेत दुसरा तारा गेला तर मागचा झाकला जायला हवा ना? तर नाही, उलट तो उजळतो, पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि भिंगासारखा आपल्याकडे गोळा होतो. काही आठवडे हळूहळू चढतो, मग उतरतो. पुढच्याला ग्रह असेल तर त्या चढउतारात मध्येच एक टोक येतं, गुरूएवढ्या ग्रहाचं साधारण दिवसभर, पृथ्वीएवढ्याचं फक्त काही तास. बास, तेवढ्यावरून ग्रह पकडायचा, तो स्वतः दिसत नाहीच. आणि परत चान्स नाही, ते तारे पुन्हा तसे रेषेत येणार नाहीत.

आइन्स्टाइनने 1936 मध्ये हे गणित छापलं आणि वर लिहिलं की प्रत्यक्षात दिसायची फारशी आशा नाही. चुकलं नव्हतं त्याचं, आकाशगंगेच्या मध्याकडे बघितलं तरी एका वेळी दहा लाखांत जेमतेम एखाद्या ताऱ्याचं असं होत असतं. म्हणून ओगल आणि मोआ नावाचे संशोधकांचे गट, ओगलवाले चिलीत नि मोआवाले न्यूझीलंडला, रात्र रात्र कोट्यवधी ताऱ्यांचं तेज मोजतात, आणि कोरियावाल्यांनी तर चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा तीन ठिकाणी 1.6 मीटरच्या दुर्बिणी लावल्यात, एकीकडे उजाडलं तरी दुसरीकडे रात्र असतेच.

पण मला खरा झटका बसला तो 2005 मध्ये असाच सापडलेल्या एका ग्रहामुळे. त्याची मोजणी करणाऱ्यांत ऑकलंडची जेनी मॅककॉर्मिक होती, हौशी बाई, घराच्या आवारात 10 इंची दुर्बीण. 10 इंची! माझ्यापेक्षा दोनच इंच जास्त! (तिच्याकडे कॅमेरा होता, ट्रॅकिंग होतं, माझी हाताने ढकलावी लागते, ते सोडा.)

आणि हा आकाशगंगेचा मध्य आहे धनु राशीच्या दिशेला. तो आपल्याकडे मध्यरात्री बरोबर दक्षिणेला कधी येतो, तर जूनच्या मध्यावर. न्यूझीलंडवाल्यांच्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि आपल्याकडे त्याच मुहूर्तावर मान्सून.

परवा साडेबाराला ढग जरा फाटले म्हणून वॉचमनकाकांकडून गच्चीची चावी घेतली, ते पण मागोमाग वर आले. पोचेपर्यंत सगळं परत पांढुरकं. काका म्हणाले, काय बघताय? म्हटलं धनु रास.

"माझीच की ओ! काय म्हणतेय यंदा?"

"ढगाळ आहे काका."