पुतळा पुरुषाचा होता

एप्रिल लागला की आमच्या १०८ च्या गाडीला कूलरच्या केसेस सुरू होतात. पत्र्याची बॉडी, अर्थिंग नाही, आणि पंप चालू ठेवूनच आत पाणी टाकायचं. आधी प्लग काढा, हे किती वेळा सांगायचं लोकांना?

त्या दिवशीचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, १७ किलोमीटरवर, शेवटचे ५ मुरमाचे. पोचलो तर अंगणात तरणी बाई पडलेली आणि तिचा दीर, बारावीतला पोरगा, छाती दाबतोय. कोपरं ताठ, दाब दोन इंच खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देतोय. मोठमोठ्या दवाखान्यांत काम करणारेही इथेच चुकतात. रमजान होता, पोराचे ओठ वाळलेले. बाजूला इमामसाहेब मोठ्यानं आकडे मोजत होते.

छातीला शॉकच्या मशीनचे पॅड लावले, मशीननं सांगितला तसा एक शॉक दिला, आणि पुढच्या दोन मिनिटांत मानेला नाडी लागली.

गाडीत पोराला भोवळ आली, पाणी पाजलं. तेव्हा तो बोलला. कूलरचा प्लग त्यानं लगेच ओढला होता, पण "भाभीच्या छातीले हात कसा लावू" म्हणून उभाच राहिला. शेजारच्या मशिदीत असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज चालू होती. आरडाओरडा ऐकून इमामसाहेब नमाज तोडून धावले आणि म्हणाले, "दाब, मी उभा आहे."

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला समजावलं. कुणी बुडत असेल, जळत असेल, तर नमाज तोडणं वाजिब, म्हणजे बंधनकारक. जीव जात असताना परक्या बाईला न शिवण्याची अट उरत नाही. सूरह माइदाच्या ३२ व्या आयतीत आहे, एक जीव वाचवला त्यानं जणू सगळी माणसं वाचवली. पोराला म्हणाले, "ईदनंतर एक रोजा कजा, म्हणजे भरपाईचा, ठेव, झालं."

आमचा एक सहकारी ऐकून म्हणाला, "यांच्यात असंच असतं." मला ते फार लागलं. गेल्या वर्षी माझ्याच नात्यातल्या घरी सासूनं सुनेच्या ब्लाउजला हात लावू दिला नव्हता, आणि मीही पडदा धरायला बाया शोधत बसलो होतो. दाबायला उशीर झाला की दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे पाठ असूनही.

पोरगा किती वेळ थांबला? तो म्हणतो दोन मिनिटं, सासू म्हणते चार. बाई घरी आली, पण नावं विसरते. ती मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण दिवाळीआधी त्याच्या शाळेत सीपीआर, म्हणजे हेच छाती दाबणं, मीच शिकवलं होतं. सरावाचा पुतळा पुरुषाचा, उघड्या छातीचा. समोर बाई असली तर काय, हे ना कुणी विचारलं, ना मी सांगितलं.

परवा इमामसाहेबांनी मदरशात बोलावलं. मी पुतळ्याला कुर्ता घातला, वर ओढणी टाकली आणि म्हटलं, या. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग तोच दीर उठला, ओढणी बाजूला सारली आणि मोजायला लागला.