तुम्ही विचारलंत म्हणून: गोवा मुक्त झाला की ताब्यात गेला?

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने पोर्तुगिजांकडून गोवा घेतला, म्हणून डिसेंबर आला की हा प्रश्न येतोच. पुण्यात विचारणाऱ्याचा सूर जरा दटावणीचा असतो. "तुमच्याकडे अजून पोर्तुगिजांचे गोडवे गाणारे लोक कसे काय आहेत हो? आपल्या जवानांनी गोवा सोडवला आणि त्याला कब्जा म्हणतात!" इंग्लंडमधल्या स्विंडनहून माझ्या आतेभावाचा फोन येतो, तो नेमकं उलटं विचारतो. "तू शिकलेली आहेस, खरं सांग. कुणाला विचारून आले ते? सैन्य घालून घेतलेल्या मुलखाला मुक्ती म्हणतात?" दोघांनाही एका शब्दात उत्तर हवं असतं. ते मी टाळत आले, कारण एक शब्द दिला की पुढचं कुणी ऐकून घेत नाही. यंदा तुम्ही सवडीने आणि नीट विचारलंत, म्हणून सगळंच सांगते.

माझा शब्द आधी सांगून टाकते. मी मुक्ती म्हणते, मनापासून म्हणते. का, ते सांगायला मला आजोबांच्या छापखान्यात जावं लागेल.

म्हापशातला छापखाना तो. पायाने चालवायचं एक ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या चार केसी (खणांच्या पेट्या) आणि एक मदतनीस. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं, एवढाच धंदा. पोर्तुगीज आमदानीत यातलं काहीही, अगदी लग्नपत्रिकासुद्धा, सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नसे. प्रूफ घेऊन कचेरीत जायचं, बाकावर बसून राहायचं, शिक्का मिळाला की घरी येऊन यंत्र सुरू करायचं. मुलीचं लग्न कोणत्या तिथीला आहे हे पाहुण्यांच्या आधी सरकारला कळायचं.

त्यातलं एक प्रूफ आमच्याकडे अजून आहे. एका ऐतिहासिक नाटकाचं हस्तपत्रक. कागद पिवळा पडलाय, घडीवर विरलाय. खालच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का. वर तिसऱ्या ओळीत 'स्वराज्य' असा शब्द आहे आणि त्यातल्या पहिल्या अक्षरावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. इतकी दाबून ओढलेली की कागद उलटा करून बोट फिरवलं तर अजून हाताला लागते. 'राज्य' राहू दिलं होतं. आजोबांनी 'स्व' काढला, पण पुढची अक्षरं सरकवून ओळ सारखी केली नाही, तेवढी जागा कोरी ठेवली. छापलेल्या पत्रकात 'राज्य'च्या अलीकडे एका अक्षराएवढी पोकळी राहिली. देवळासमोर लोक पत्रक मोठ्याने वाचायचे आणि त्या जागेवर क्षणभर थांबायचे, असं आजी सांगायची.

ती रेघ मी पहिल्यांदा हाताने चाचपली तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. शाळेत लढ्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण राज्य परकं असतं म्हणजे काय, ते मला त्या रेघेने कळलं.

म्हणून १८ जून १९४६ हा दिवस मला १९ डिसेंबरइतकाच मोठा वाटतो. डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला त्यांचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे आले होते. मडगावात पावसाळी हवेत सभा ठरली. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही, असा कायदा होता आणि त्या दिवशी मोडायचा होता तो हाच कायदा. सैन्य, सरहद्द, विलीनीकरण या गोष्टी पुढच्या. आधी चार माणसांनी उभं राहून बोलायचा हक्क हवा होता. दोघांना तिथेच पकडलं. त्याच वर्षी गोव्याच्या लढ्यातले नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून ८ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. साठीला टेकलेला, लेखणी चालवणारा हा माणूस, आणि त्याचा निवाडा सैनिकांनी केला. लष्करी ताबा म्हणजे काय, हे आतेभाऊ मला विचारतो तेव्हा मी त्याला आधी हे सांगते.

आणि आमच्या म्हापशाचे डॉ. पुंडलिक गायतोंडे. शस्त्रक्रियेत हात बसलेला डॉक्टर, बायको पोर्तुगीज. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत कुणीतरी भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हणालं आणि गायतोंडे तिथल्या तिथे म्हणाले, माझा निषेध. संपलं. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेलं. जेवणाच्या टेबलावर उच्चारलेला एक शब्द. आजोबांना ते ओळखीचे. त्या रात्री म्हापशात लोक हळू आवाजात बोलत होते, असं आजोबा सांगत, आणि सांगतानाही त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

स्विंडनच्या भावाला वाटतं की पोर्तुगीज काळात निदान शांतता होती. रस्ते स्वच्छ, चोऱ्या नाहीत, हॉलंडचे बटाटे. खाणीचा पैसा यायला लागल्यावर शेवटच्या काही वर्षांत बाजारात परदेशी माल आला, हे खरं आहे. आजीसुद्धा त्या बटाट्यांची आठवण काढायची, तिला खोटं कशाला पाडू? पण ती शांतता कुणी राखली होती हेही तिला माहीत होतं. कासिमिरो मोंतेरो हे नाव आमच्याकडे मुलांना घाबरवायला वापरत. गोव्यातच जन्मलेला हा पोलीस चौकीत माणसं कशी फोडून काढायचा, हे भोगलेले लोक आमच्या गल्लीत होते. पुढे तो पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांत गेला आणि १९६५ मध्ये जनरल उंबेर्तु देलगादु यांना स्पेनच्या सरहद्दीजवळ गोळ्या घालणारा तोच. देलगादु म्हणजे १९५८ च्या निवडणुकीत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीविरुद्ध उभे राहिलेले पोर्तुगीज सेनानी.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गोव्यात ज्या हाताने मारलं त्याच हाताने पोर्तुगालमधल्या विरोधकाला मारलं. लिस्बनच्या वर्तमानपत्रांनाही आधी सेन्सॉर गाठावा लागे. पोर्तुगीज माणसाचं तोंडही बांधलेलंच होतं. ते सुटलं २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही कोसळली तेव्हा, आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने नवी दिल्लीत करारावर सही करून गोवा भारताचा हे मान्य केलं. जे १९६१ मध्ये आक्रमण होतं ते हुकूमशाही गेल्यावर आठ महिन्यांत मान्य झालं.

पण भावाच्या प्रश्नात खरं असलेलं एक आहे आणि पुण्यातल्या मंडळींनी ते ऐकायलाच हवं. १९६१ मध्ये गोवेकरांना कुणी विचारलं नव्हतं. १७ डिसेंबरच्या रात्रीपासून १९ च्या संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० सैनिक गेले. एकही मागे परतू नये, जिंकावं नाहीतर मरावं, अशी सालाझारची तार होती. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी ती मानली नाही आणि शरणागती पत्करली. त्यांनी पणजी राखरांगोळी होऊ दिली नाही, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकलं. १९८० मध्ये ते गोव्यात आले तेव्हा लोकांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. त्या स्वागतात देशद्रोह शोधणाऱ्यांना गोवा कळलेलाच नाही.

सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या ठरावाच्या बाजूने ७ मतं पडली, विरोधात ४. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. त्याआधी वर्षभर, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नाही, स्वराज्य नसलेला प्रदेश आहे, असं ठरवलेलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत घडल्या. ज्याला जी सोयीची तो ती काढून दाखवतो.

मग सहा महिने लष्करी राज्यपाल होते, मेजर जनरल कँडेथ. तेवढा काळ शब्दशः लष्करी प्रशासन होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मार्च १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारतीय नागरिक झाले. ज्याला पोर्तुगीज राहायचं त्याने महिन्याच्या आत तसं लिहून द्यायचं होतं. एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी तसं लिहून दिलं. त्यांना परकीय म्हणून राहण्याचा परवाना मिळाला, तो १९६४ मध्ये संपला, त्यांनी नवा मागितला नाही. त्यांचा सवाल होता, माझ्याच गावात मी परवानगी का मागू? खटला झाला, ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणणं असं, की गोवा हा लष्कराने व्यापलेला प्रदेश आहे आणि जिनिव्हा करार व्यापलेल्या प्रदेशातल्या माणसाला संरक्षण देतो.

१९६९ मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी निकाल लिहिला. लष्करी ताबा झाला, हे न्यायालयाने नाकारलं नाही. पण ताब्याच्या मागोमाग, मध्ये खंड न पडता, विलीनीकरण झालं. ते झालं की ताबा संपतो आणि कराराचं ते संरक्षणही संपतं. धर्मगुरू हरले.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचलाय आणि दर वेळी मनात दोन गोष्टी उभ्या राहतात. आपल्या जन्मगावी राहिल्याबद्दल एका धर्मगुरूंना कैदेची शिक्षा होणं मला आजही बोचतं. आणि त्याच धर्मगुरूंनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलामार्फत म्हटलं, की तुमचं सैन्य इथे ताबा घेऊन बसलंय. न्यायालयाने ते ऐकलं, पानंच्या पानं खर्चून त्याला उत्तर दिलं, आणि ते उत्तर छापलं गेलं. मेजवानीतल्या गायतोंड्यांना असं उत्तर मिळालं असतं तर! त्यांना हद्दपारी मिळाली.

म्हणून पुण्यातल्या माणसांना माझी कळकळीची विनंती असते. कुणी गोवेकर कब्जा म्हणाला तर त्याला खुशाल खोडून काढा. मोहन रानडे सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला गेले, १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले, हे त्याला सांगा. १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या ते सांगा. पण त्याला गद्दार म्हणू नका. पोर्तुगीज पासपोर्ट काढणाऱ्या पोरांनाही म्हणू नका. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालच्या कायद्याने ती वाट ठेवलीय आणि पोरं त्या वाटेने गोदामांत कामाला जातात. माझा आतेभाऊ रात्रपाळी करतो. सालाझारच्या प्रेमात पडून कुणी रात्रपाळी करत नाही. गद्दार हा शब्द ऐकला की मला कागदामागची ती रेघ बोटाला लागते.

गोवेकरांना विचारलं गेलं ते १६ जानेवारी १९६७ ला. प्रश्न वेगळा होता, महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. भारतात राहायचं का, हा प्रश्न त्या मतपत्रिकेवर नव्हता, हे भाऊ आठवण करून देतो आणि ते बरोबर आहे. पण त्या महिन्यांत म्हापशात जे बोललं गेलं, ओरडलं गेलं, भिंतींवर रंगवलं गेलं, तसं त्याआधी आजोबांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मतदानाआधी मुख्यमंत्रिपद सोडलेले भाऊसाहेब बांदोडकर स्वतः महाराष्ट्रात विलीनीकरणाचे पुरस्कर्ते, आणि लोक रस्त्यात उभे राहून त्यांच्याविरुद्ध बोलत होते. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. आजोबांचं फूल. मराठीवर जीव होता त्यांचा, महाराष्ट्र त्यांना आपलंच घर वाटायचं. आजीची दोन पानं. घरात कोकणीतच भांडण चालायचं. छापखान्यात मात्र दोन्हीकडची पत्रकं यायची आणि आजोबा दोन्ही छापायचे.

३४,०२१ मतांनी फूल हरलं. त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. आजी जिंकली होती, पण तीही काही बोलली नाही, ताट झाकून ठेवलं. सकाळी छापखाना उघडला तर दारात दोन पानंवाले उभे, मतदारांचे आभार मानणारं पत्रक छापायचं होतं. आजोबांनी मजकूर घेतला, स्वतः खिळे जुळवले, प्रूफ काढून दोनदा वाचलं, एक वेलांटी सुधारली आणि कागद सरळ यंत्रावर चढवला.