आमची वाटचाल: 'माझ्याकडे तर होतंय'

सुरुवातीला सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही तिघे होतो आणि बिल्डचा (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याचा) मान एकाच लॅपटॉपला, माझ्या. रिलीजच्या दिवशी मी व्हिज्युअल स्टुडिओ (कोड लिहायचं आणि बिल्ड करायचं सॉफ्टवेअर) उघडायचो, बटण दाबायचो, झिप करून ग्राहकाला धाडायचो. एकदा मी तापाने झोपलो, तर रिलीजही झोपला.

मग बिल्डसाठी वेगळं मशीन घेऊन जेन्किन्स, म्हणजे आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर, बसवलं. पहिलाच बिल्ड लाल, म्हणजे फसलेला. 'हा टाइप सापडत नाही' अशा एररची रांग लागली होती आणि आम्ही दिवसभर तीच वाचत बसलो. दुखणं होतं त्यांच्या वरच्या एका वॉर्निंगमध्ये, एमएसबी ३२४५: रेफरन्स (आपला कोड वापरतो ती बाहेरची लायब्ररी) मिळाला नाही. प्रोजेक्ट फाइलीतला हिंटपाथ (लायब्ररी कुठे आहे तो पत्ता) थेट माझ्या डी ड्राइव्हकडे बोट दाखवत होता. नव्या मशीनला डी ड्राइव्हच नव्हता!

रिपॉझिटरीत (सगळ्यांचा कोड असतो त्या सामायिक साठ्यात) 'लिब' फोल्डर केलं, बाहेरच्या डीएलएल (लायब्ररीच्या फाइली) त्यात टाकल्या, पाथ रिलेटिव्ह, म्हणजे प्रोजेक्टच्या जागेपासून मोजलेले, केले. सुटलो असं वाटलं.

पुढचं प्रकरण जास्त छळणारं होतं. तोच कोड, तोच हिंटपाथ, पण एका सहकाऱ्याच्या बिल्डमध्ये एका लायब्ररीची जुनी आवृत्ती यायची. दोन दिवस एकमेकांवर संशय घेऊन झाल्यावर एमएसबिल्डचा (प्रत्यक्ष बिल्ड करणाऱ्या साधनाचा) लॉग डायग्नोस्टिकवर, म्हणजे सगळ्यात तपशीलवार पातळीवर, टाकला. रेफरन्स शोधताना कुठल्या क्रमाने कुठे पाहिलं, ते त्यात ओळीने दिसतं. हिंटपाथच्या आधी रेफरन्सपाथ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी) पाहिला जातो, आणि तो त्या सहकाऱ्याने कधीतरी स्वतःच्या मशीनवर भरून ठेवला होता. ही नोंद 'डॉट यूजर' फाइलीत, म्हणजे ज्याच्या-त्याच्या मशीनपुरत्या सेटिंगच्या फाइलीत, राहते. ती फाइल आम्ही रिपॉझिटरीत टाकतच नव्हतो (टाकूही नये). जीएसी (विंडोज मशीनवरचा सामायिक डीएलएलचा साठा) त्या क्रमात हिंटपाथच्या नंतर येते. म्हणजे पाथ चुकीचा असला तरी एखाद्या इन्स्टॉलरने डीएलएल जीएसीत टाकलेली असेल, तर बिल्ड गुपचूप पार पडतो. आमच्याकडे असे तीन रेफरन्स निघाले.

न्यूगेटवर (लायब्ररी पॅकेज करून वाटायच्या साधनावर) आम्ही जरा उशिराच आलो. आता आमच्या स्वतःच्या कॉमन लायब्ररीही पॅकेज होऊन अंतर्गत फीडवर (आमच्या पॅकेजांच्या साठ्यावर) जातात. लॉक फाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती, याची नोंद) कमिट होते आणि सर्व्हरवर रिस्टोअर (पॅकेजं उतरवून घेणं) लॉक्ड मोडमध्ये, म्हणजे त्या नोंदीला धरूनच, चालतो. आवृत्तीत फरक पडला की बिल्ड तिथेच थांबतो. सुरुवातीला पोरं वैतागली. मी बधलो नाही.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी कोरा लॅपटॉप देऊन एका कमांडमध्ये बिल्ड करायला लावतो. मागच्या खेपेच्या मुलीने लिनक्स मागून घेतलं आणि थोड्याच वेळात हात वर केला. फोल्डरच्या नावात स्मॉल 'सी', प्रोजेक्ट रेफरन्समध्ये कॅपिटल. लिनक्स लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतं; विंडोजने ते इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. तिने दुरुस्ती कमिट केली आणि त्याच आठवड्यात जेन्किन्सला एक लिनक्स मशीन जोडलं.