हॅक झालंय म्हणजे नेमकं काय झालंय?

आमच्याकडं बेळगावात हल्ली मोबाईलचं काहीही बिघडलं की "हॅक झालंय" म्हणून मोकळे. फोन तापला, हॅक. पासवर्ड आठवेना, हॅक. परवा खानापूरच्या मामांचा फोन, "अरे माझं अकाऊंट हॅक झालंय की रे, माझ्या नावानं लोकांकडं पैसे मागालेत", बघितलं तर अकाऊंटला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, फोटो उचलून त्याच नावाचं दुसरं उघडलंय फक्त. ते डुप्लिकेट रिपोर्ट करायला पाहिजे, पण मामा पासवर्ड बदलून निवांत!

मुळात हा शब्द कौतुकाचा होता बरं का. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात 1950 च्या दशकाच्या शेवटी मॉडेल रेल्वेचा एक क्लब होता, टेलिफोनचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडून छोट्या गाड्या पळवणारी पोरं, त्यांच्यात एखादी भन्नाट करामत केली की तो हॅक, आणि पुढं हीच पोरं कॉम्प्युटरवर बसली तेव्हा शब्दही बरोबर गेला. 1975 ला स्टॅनफर्डमध्ये ह्या लोकांच्या बोलीचा संग्रह सुरू झाला, जार्गन फाईल, त्यात तर हॅकचे उलटसुलट अर्थ शेजारीशेजारी बसलेत, एक म्हणजे घाईत उरकलेलं कसंबसं चालणारं काम, आणि दुसरा भरपूर वेळ घालून केलेलं एकदम चोख काम.

आमच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, लेथवर कापायचं टूल सेंटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या जॉबच्या मध्याच्या, खाली राहिलं की टर्नर काय करतो, तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा खाली पॅकिंग म्हणून सरकवतो आणि जॉब चालू. आता हा कुठल्या अर्थाचा हॅक ते टर्नरच्या हातावर आहे, पण हॅक शंभर टक्के.

चोरीचा अर्थ 80 च्या दशकात पेपरांनी रुजवला. जुन्या हॅकरांनी चोरांसाठी 'क्रॅकर' म्हणा म्हणून खूप सांगितलं, कोण ऐकतंय. आपल्या 2000 च्या आयटी ॲक्टमध्येसुद्धा कलम 66 च्या शीर्षकातच हॅकिंग होतं, 2008 च्या दुरुस्तीत ते जाऊन 'कॉम्प्युटरशी संबंधित गुन्हे' असं आलं. कायद्यानं शब्द सोडला, गल्लीनं नाही.

त्यात आता कॉलेजांतली हॅकॅथॉन, म्हणजे एकत्र बसून प्रोग्राम लिहायच्या स्पर्धा. 1999 ला कॅनडात कॅल्गरीला ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे एकत्र बसून कोड लिहीत होते, तिथून हे नाव आलं, त्यात चोरीबिरी काही नाही. पण शेजारच्या काकूंना कोण सांगणार, पोरगं रात्रभर हॅक करायला गेलंय म्हणून कुणाला बोलायचीच चोरी, नि बक्षीस मिळालं तेव्हा पेढे मात्र 'कॉम्प्युटरच्या स्पर्धेचे' म्हणून वाटले.