तुम्ही विचारलंत म्हणून: टॉवर सोडून जुनी बिल्डिंग का?

“ठाण्यात घोडबंदरला त्याच पैशात टॉवरमध्ये टू बीएचके मिळत होतं, मग नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके का घेतलंत?” हा प्रश्न मला ऑफिसात विचारून झालाय, लग्नकार्यात विचारून झालाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी मी तोंड उघडून खुर्चीत पडलेली असताना विचारलाय. तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देते.

टॉवर आम्ही जवळजवळ घेतलाच होता. कासारवडवलीच्या बाजूला, चौदावा मजला, खिडकीतून येऊरचा डोंगर. मला तो डोंगर अजून आठवतो, खोटं कशाला बोलू. सॅम्पल फ्लॅट बघून मुलगी तर तिथेच राहायला तयार होती. मी मुद्दाम तिथल्या पलंगावर आडवी झाले, तर माझे पाय बाहेर आले, आणि मी काही उंच बाई नव्हे. खोल्यांना दारंच बसवली नव्हती, त्यामुळे सगळं ऐसपैस दिसत होतं. एजंट “रेरा कार्पेट मॅडम, एकदम प्युअर” म्हणत होता. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त रेरा या बांधकाम कायद्याच्या त्या मापात घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते आणि बाल्कनी वेगळी मोजतात, हे आपलं आपल्याला माहीत असावं लागतं. नाहीतर कागदावरचे चौरस फूट आणि कपाट लावायला मिळणारी जागा यांचा मेळ बसत नाही.

पण बेत फिरला तो यामुळे नाही. फिरला तो अप्पांमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे.

टोकन द्यायच्या आदल्या शनिवारी आम्ही त्यांना साइट दाखवायला नेलं. घर बघून “छान आहे” म्हणाले. खाली उतरल्यावर गेटवरच्या वॉचमनला विचारलं, “इथून पायी कुठे जाता येतं हो?” तो म्हणाला, “आजोबा, इथून रिक्षाच लागते.” समोर सर्व्हिस रोड, पलीकडे हायवे, मध्ये मेट्रोच्या कामाचे पत्रे. अप्पा काही बोलले नाहीत. परत येताना गाडीतही नाही.

त्या रात्री मी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे चौघांची नावं लिहिली आणि प्रत्येकाचे घरातले जागेपणीचे तास मांडले. मी सकाळी सव्वाआठला बाहेर, साडेसातला परत. नवऱ्याचं तेच, वर ट्रेनचा उशीर. मुलगी शाळा आणि क्लास. म्हणजे ज्यांच्या नावावर कर्ज नव्हतं, ज्यांना सगळ्यात शेवटी विचारलं होतं, तेच त्या घरात सगळ्यात जास्त राहणार होते. चौदाव्या मजल्यावर, आमची वाट बघत.

आता नौपाड्यात अप्पा सकाळी तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाने, एक फेरी मारतात, येताना जांभळी नाक्यावरून भाजी आणतात. मी सांगितलेली कधीच नाही, पण आणतात. दुपारी मराठी ग्रंथसंग्रहालयात पेपर वाचायला जातात. ही संस्था १८९३ सालची आहे, आणि तिथल्या खुर्च्यांबद्दल अप्पांचं मत असं, की त्याही तेव्हाच्याच असाव्यात. सगळं चालत, सगळं एकट्याने. पाडव्याच्या स्वागतयात्रेला तर आम्हाला न सांगताच निघून जातात.

किंमत मोजली ती वेगळी. हॉलमध्ये अप्पांची कॉट, त्यामुळे रात्री दहानंतर टीव्ही बंद. पार्किंग नाही म्हणून गाडी विकली. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचं घर स्वस्त पडत होतं, ते सोडून पहिल्या मजल्यावरचं घेतलं, अठरा पायऱ्या मोजून. जुलैत बाथरूमच्या छताला ओल येते. नवरात्रात मुलीची परीक्षा असली की डीजेच्या नावाने मी काय काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि पहिल्या बँकेने बिल्डिंगचं वय बघूनच कर्जाला नाही म्हटलं. दुसऱ्या बँकेपर्यंत दोन महिने गेले. एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्यात आधी विचारली होती: कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का. झालं नसतं, तर तलावपाळी दारात असती तरी मी ते घर घेतलं नसतं.

याचा अर्थ टॉवर वाईट असा नाही. माझी नणंद घणसोलीत टॉवरमध्येच राहते आणि तिचं अगदी बरोबर आहे. ऑफिस महापेला, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. तिला दार लावून बसायला एक जास्तीची खोली हवीच होती. रीसेलचं घर, जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेची, भाडेपट्ट्याने दिलेली, म्हणून सिडकोचं हस्तांतरण शुल्क भरावं लागलं. ते तिने आधीच हिशोबात धरलं होतं. घेण्याआधी ती तिथे एकदा भर पावसात गेली, एकदा मे महिन्यात जाऊन टँकर येतो का हे शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारून आली. या बाबतीत माझा एजंटपेक्षा वॉचमनवर जास्त विश्वास, हे एव्हाना लक्षात आलंच असेल.

आमच्याकडे सध्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सुरू झाल्यात. गच्चीत प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि वाढीव जागा किती मिळणार यावर भांडणं. बिल्डरच्या माणसाने नकाशा पसरला: बावीस मजले, पोडियम, जिम. बांधकाम होईपर्यंत आम्ही दुसरीकडे राहायचं, त्याचं भाडं बिल्डर देणार. सगळे टेरेसचं विचारत होते. अप्पांनी हात वर केला आणि म्हणाले, “ते भाड्याचं घर तलावपाळीच्या अलीकडे मिळेल की पलीकडे?”